हे शरीर कुणाच्या मालकीचं?

एरवी मी इथे बीपी, शुगर, थायरॉइड, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आज एका फोटोविषयी लिहिणार आहे. विषय कलेचा वाटेल, पण तुमचा आणि माझा, म्हणजे पेशंटचा आणि डॉक्टरचा, त्याच्याशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून थोडा वेळ काढून पूर्ण वाचा.

फोटो १९८२ सालचा आहे, इंग्लंडमधला. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई. छाती उघडी आहे आणि स्तनावर शाईने इंग्रजीत लिहिलं आहे, ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ शेवटी प्रश्नचिन्ह आहे. बाईचं नाव जो स्पेन्स. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि ऑपरेशन व्हायचं होतं. या शरीरावर आपलाही काही हक्क आहे याची आठवण राहावी, म्हणून तिने टेरी डेनेट या आपल्या सहकाऱ्याबरोबर हा फोटो काढला. आपल्याकडे कुणी ताईत बांधून दवाखान्यात जावं, तसा तो तिला सोबत हवा होता.

हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. पहिला विचार आला तो असा, की शरीर तिचं आहे, मग प्रश्नचिन्ह कशाला? नंतर मला माझे वॉर्डातले दिवस आठवले आणि त्या चिन्हाचा अर्थ कळला.

जो स्पेन्स कोण होती?

जन्म १९३४ चा, लंडनच्या कामगार कुटुंबातला. आधी सेक्रेटरीची नोकरी केली, मग स्वतःचा फोटो स्टुडिओ काढला. लग्नाचे, लहान मुलांचे, कुटुंबाचे फोटो काढायची. हे करताना तिच्या लक्षात आलं, की घरच्या अल्बममध्ये सगळे हसतच असतात. आजारपण, भांडणं, घरकाम, म्हातारपण यांचा फोटो कुणी काढत नाही. तुमच्या घरचा अल्बम आठवून पाहा. बारसं, मुंज, लग्न, सहल सगळं सापडेल. आजीच्या शेवटच्या दोन वर्षांचा एखादा तरी फोटो आहे का?

१९७० च्या दशकात ती ‘हॅकनी फ्लॅशर्स’ नावाच्या स्त्रियांच्या गटात काम करू लागली. बायकांचं काम, पाळणाघरांची टंचाई यांवर या गटाने फोटोंची प्रदर्शनं केली. १९७९ मध्ये तिने ‘बियाँड द फॅमिली अल्बम’ या कामात स्वतःचंच आयुष्य मांडलं. फोटो, लेखन, शिकवणं, कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या भूमिका वठवणं, असं सगळं ती एकत्र करत असे. पुढे रोझी मार्टिन या मैत्रिणीबरोबर तिने ‘फोटो थेरपी’ हा प्रकार विकसित केला. त्यात माणसाने आपल्या आयुष्यातले अवघड प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभे करायचे आणि त्या फोटोंतून स्वतःकडे नव्याने पाहायचं.

मी कोण, माझ्या शरीरावर हक्क कुणाचा, आणि दुसऱ्यांनी लावलेल्या लेबलांतून सुटका कशी करून घ्यायची, हेच प्रश्न तिच्या कामात पुन्हा पुन्हा येतात. १९८२ पर्यंत हे प्रश्न समाजाला होते. त्या वर्षी ते हॉस्पिटलला विचारायची वेळ आली.

ती सकाळ

तिने स्वतः लिहून ठेवलेला प्रसंग आहे. ती वॉर्डात बेडवर वाचत पडली होती. एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला. हातातल्या कागदांवर नजर टाकली, आपलं नावही न सांगता वाकला आणि तिच्या डाव्या स्तनाच्या वर शाईने फुली मारू लागला. हा स्तन काढावा लागेल, असं त्याने सांगितलं. आणि तिच्या तोंडून शब्द निघाला, ‘नाही’.

त्या क्षणी तिला वैद्यकशास्त्रातलं काहीही ठाऊक नव्हतं, हेही ती प्रामाणिकपणे सांगते. रागाने, घाबरून, एकटीने दिलेला तो नकार होता. शेवटी तिचा पूर्ण स्तन काढला नाही, फक्त गाठ काढण्याचं ऑपरेशन झालं. तिने कॅमेरा जवळच ठेवला होता. मॅमोग्राफीच्या यंत्रात दाबलेला स्तन, हॉस्पिटलातले दिवस, ऑपरेशननंतरचा व्रण, असे फोटो ‘द पिक्चर ऑफ हेल्थ?’ या मालिकेत आहेत. याही नावापुढे प्रश्नचिन्ह आहे.

आपण रोज पाहतो ते वैद्यकीय फोटो आठवा. पुस्तकातल्या पेशंटच्या डोळ्यांवर काळी पट्टी असते आणि आजार तेवढा ठळक दिसतो. जो स्पेन्सच्या फोटोंत आजारही दिसतो आणि ज्याला तो झाला तो माणूसही दिसतो, तुमच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणारा.

त्या घोळक्यात मी होतो

लंडनच्या त्या वॉर्डात मी नव्हतो, पण आपल्याकडच्या तसल्याच घोळक्यात मी उभा राहिलो आहे.

सर्जरीच्या पोस्टिंगला होतो. युनिटमध्ये स्तनात गाठ असलेली एक बाई दाखल झाली. खेड्यातून आलेली, नऊवारी नेसलेली. सरांनी सांगितलं, ‘चांगली केस आहे, सगळ्यांनी तपासा.’ आम्ही आठ-दहा जण होतो, बहुतेक मुलगे. एकेकाने पुढे होऊन गाठ तपासली. किती मोठी, किती कडक, त्वचेला चिकटलेली आहे का, हलते का. बाईने पदर घेतला आणि तोंडावर ओढला. छाती आमच्यासाठी उघडी ठेवली आणि चेहरा झाकून घेतला. सगळ्यांचं होईपर्यंत ती तशीच पडून राहिली.

कुणीही तिला ‘तपासू का?’ असं विचारलं नाही. तपासून झाल्यावर कुणी तिच्या अंगावर चादरही ओढली नाही. त्या गाठीचा आकार मला आजही आठवतो, कारण मी तो वहीत लिहिला होता. बाईचं नाव आठवत नाही, कारण ते मी विचारलंच नव्हतं. आमच्यासाठी ती बेड नंबर अकरा होती.

आम्ही दुष्ट नव्हतो. शिकायची धडपड होती, आणि त्या बाईसारख्या पेशंटांनी स्वतःला तपासू दिलं म्हणूनच मी आज डॉक्टर आहे. पण शिकण्यासाठी तिचं शरीर लागतं आणि ते तिने आम्हाला दिलेलं आहे, ही गोष्ट कुणी आम्हाला सांगितली नाही. आम्ही ते गृहीतच धरलं होतं. प्रश्नचिन्ह येतं ते इथून.

झोपली तेव्हा होता, उठली तेव्हा नव्हता

जो स्पेन्सचा हट्ट कलावंताचा तऱ्हेवाईकपणा होता असं कुणाला वाटेल, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने स्तनाच्या कॅन्सरसाठी फार मोठं ऑपरेशन रूढ केलं. त्यात पूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं काढत. पुढची कित्येक दशकं हेच प्रमाण उपचार मानले गेले. त्यातही अनेक ठिकाणी पद्धत अशी होती, की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून लगेच तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. म्हणजे आपल्याला कॅन्सर आहे की नाही हे माहीत नसताना बाई झोपायची. उठल्यावर छातीकडे हात नेऊन तिला ते कळायचं.

ही पद्धत बदलायला रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईने मोठी झुंज दिली. ती स्वतः पेशंट होती. तिचं म्हणणं साधं होतं: आधी तपासणी करा, निदान मला सांगा, मग पुढे काय करायचं ते आपण ठरवू. १९७९ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने तपासणी आणि ऑपरेशन हे दोन वेगळे टप्पे असावेत अशी शिफारस केली. त्या समितीत कुशनर होती.

मग शास्त्रानेही साथ दिली. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी मोठे अभ्यास केले. लहान गाठ असेल तर फक्त गाठ काढून वर रेडिएशन द्यायचं, की पूर्ण स्तन काढायचा? दोन्ही अभ्यासांचे २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रकारांत आयुर्मान सारखंच होतं. १९८२ मध्ये त्या बाईने अडाणीपणाने दिलेला नकार शास्त्राच्या विरोधात नव्हता. तिच्यासमोर आणखी एक पर्याय होता, आणि फुली मारणाऱ्याने तो तिला सांगितला नव्हता.

तिचं मला न पटलेलं

ऑपरेशननंतर जो स्पेन्सने नेहमीच्या उपचारांऐवजी पारंपरिक चिनी औषधांचा, आहाराचा मार्ग धरला. १९९२ मध्ये ती गेली, ल्युकेमियाने. चिनी औषधांनी तिचा फायदा झाला की तोटा, हे एका पेशंटवरून कुणीच सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फिशर यांच्या त्याच अभ्यासात, गाठ काढल्यानंतर रेडिएशन न घेतलेल्या बायकांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना २० वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. त्यामुळे ‘गाठ काढली, आता काढे घेते’ असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी वाद घालीन.

पण आधी विचारीन, की हे तुम्हाला का करावंसं वाटलं? हा प्रश्न मला एका पेशंटने शिकवला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू माझ्याकडे शुगरसाठी यायच्या. एकदा छातीला स्टेथोस्कोप लावताना त्या एकदम आक्रसल्या. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की स्तनात वर्षभर गाठ आहे आणि एका माणसाकडून त्या लेप आणतात. मी चिडलो. ‘अहो, तुम्ही शिकलेल्या, लेप कसले लावत बसलात?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘डॉक्टर, आधी मी दवाखान्यातच गेले होते.’

तिथे तपासताना दार उघडं होतं आणि कंपाउंडर आत-बाहेर करत होता. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी काकूंना बाहेर बसवलं आणि नवऱ्याला आत बोलावून बोलले. घरी पोचेपर्यंत नवरा गप्प, मग दिराला फोन, मग मुलाला फोन. ‘मला काय झालंय ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं,’ काकू म्हणाल्या. लेपवाल्याने काय वेगळं केलं, असं मी विचारलं. ‘त्याने माझं अर्धा तास ऐकून घेतलं. आणि गाठ दाखवा म्हणाला नाही.’

लेपाने गाठ जाणार नव्हतीच. ती तपासायला हवी होती, आणि तिला तपासू देण्याइतका विश्वास काकूंना आमच्यापैकी कुणी दिला नव्हता. पुढे त्यांना आधी केमोथेरपी द्यावी लागली आणि नंतर पूर्ण स्तन काढावा लागला. आज त्या बऱ्या आहेत, शुगर अजून माझ्याकडेच दाखवतात. वर्षभर आधी निदान झालं असतं, तर बहुधा इतकं सोसावं लागलं नसतं.

पेशंट भोंदूकडे गेला की आपण त्याच्या अडाणीपणाला नावं ठेवतो. माझं मत असं, की त्यातले पुष्कळ जण आमच्या दारातून परत गेलेले असतात.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. एका महिलेने फक्त दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान आणि निर्णय घेऊ शकणाऱ्या पेशंटच्या वतीने आई संमती देऊ शकत नाही. तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तरच अपवाद.

निकाल आला म्हणून सगळीकडे वागणूक बदलली असं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार महिलांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कागदावर त्यांच्या सह्या किंवा अंगठे असतीलही. पण पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि वर कुणी कॅन्सरची भीती घातली, तर त्या अंगठ्याला संमती म्हणायचं का?

तुम्ही काय करू शकता?

महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी रिसेप्शनवर थांबाल तेव्हा ती वाचा. त्यातलं आणि माझ्या अनुभवातलं थोडं इथे देतो.

१. पुरुष डॉक्टर महिलेला तपासत असताना दुसरी महिला हजर असावी, हा तुमचा हक्क आहे. दार लावून घ्या, पडदा ओढा, असं बिनदिक्कत सांगा. चांगला डॉक्टर त्याचं वाईट मानत नाही.

२. विद्यार्थी तपासणार असतील तर हो म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हटलं म्हणून उपचार थांबत नाहीत. आणि जमलं तर हो म्हणा, कारण उद्याचे डॉक्टर त्यातूनच तयार होतात.

३. ऑपरेशन सुचवलं की चार प्रश्न विचारा. मला नेमकं काय झालंय? याला दुसरा काही पर्याय आहे का? हे केलं तर काय धोके आहेत? आणि आत्ता केलं नाही तर काय होईल? विसरायला होतं, म्हणून कागदावर लिहून न्या.

४. तातडीची वेळ नसेल तर संमतीपत्र घाईत सही करू नका. आपल्या भाषेत समजावून मागा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर मोकळेपणाने सांगा. तुमचे रिपोर्ट तुम्हाला मिळालेच पाहिजेत.

५. नातेवाइकांना विनंती: ‘तिला सांगू नका, ती खचेल’ असं आम्हाला सांगू नका. ती खचेलही, पण ती नंतर सावरते, हे मी अनेकदा पाहिलंय. अंधारात ठेवलेला माणूस मात्र आतल्या आत कुढतो.

६. आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्तनात नवी गाठ, त्वचेला खळी पडणं, निपल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर लाजू नका आणि थांबू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते हाताने तपासणं, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी, यावरूनच ठरतं. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

शेवटी

जो स्पेन्सने पुढे ‘नॅरेटिव्ह्ज ऑफ डिस-ईज’ नावाची फोटोमालिका केली. ऑपरेशननंतरचं आपलं शरीर तिने त्यात काहीही न लपवता दाखवलं. त्यातल्या एका फोटोत तिच्या छातीवर इंग्रजीत ‘राक्षस’ अशा अर्थाचा शब्द लिहिला आहे. आजारी, वयस्क, व्रण असलेल्या बाईकडे लोक कसे पाहतात, ते तिने स्वतःच अंगावर लिहून दाखवलं. ही मालिका तिने टिम शीअर्ड यांच्याबरोबर केली, आणि ते स्वतः डॉक्टर होते. मला या गोष्टीचं फार बरं वाटलं. ज्या पेशातल्या माणसाने न विचारता तिच्या अंगावर फुली मारली, त्याच पेशातला दुसरा एक जण तिच्या मर्जीने तिच्या बरोबर काम करायला उभा राहिला.

माझ्या तपासणीच्या खोलीत आता पडदा आहे आणि तपासताना आमच्या सिस्टर आत असतात. हात लावण्याआधी मी विचारतो, ‘तपासू का?’ बायका बहुधा हसतात. ‘अहो डॉक्टर, त्यासाठीच तर आलोय, विचारताय काय?’ पण विचारल्यावर आखडलेले खांदे जरा सैल पडतात, एवढं मला दिसतं.

बेड नंबर अकराला हे विचारायचं राहून गेलं. तुमच्या डॉक्टरने विचारलं नाही, तर तुम्ही त्याला आठवण करून द्या.